छातीतला मारुती

“एकशे बत्तीस!”

गुणवंतराव मास्तरांनी आकडा पुकारला आणि चिचटोल्याच्या मारुतीच्या पारावर एकच गलका उठला. “बोला, बजरंगबली की जय!” ज्याची नाडी मोजली गेली तो पत्रू, बांबूच्या तोडीवर जाणारा साधा गडी, दोन्ही हात जोडून थरथरत उभा होता. डोळे वटारलेले, ओठ सुकलेले, गळ्याची शीर लांबून दिसेल अशी उडत होती. बायका पुढे होऊन त्याच्या पाया पडत होत्या. गेल्या दिवाळीपर्यंत याच पत्रूला त्याची बायको चुलीजवळ बसू देत नव्हती.

नया पैसा निघाला त्या सालची ही गोष्ट. गडचिरोलीपासून तीन कोसांवर, जंगलाला लागून चिचटोला. तिथं पौषात कधीतरी पवनबाबा अवतरला. कुठून आला हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलंच तर तो डोळे मिटून म्हणायचा, “हवा का कोई गाव होता है, बच्चा?” लोक माना डोलवायचे. हवेला गाव नसतं हे खरंच. पण हवेला दोन वेळा शिरापुरी लागत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाबाचं सगळं सुटसुटीत होतं. बसायला मृगाजिन, समोर धुनी, मांडीवर शेंदरी रंगाची लाकडी गदा. शनिवारी दिवस उगवला की तो धुनीतली राख मुठीत घ्यायचा, गदेवरून ओवाळायचा, गुळाच्या खड्यात कालवायचा आणि रांगेतल्या एकेकाच्या जिभेवर ठेवायचा. उरलेल्या दिवसांसाठी त्याच राखेच्या पुड्या बांधून द्यायचा. मग तासभर भजन. टाळ वाजवता वाजवता एकेकाचं अंग तापायचं, हाताला घाम सुटायचा, छाती धडधडू लागायची. बाबा गरजायचा, “देखो! छाती में हनुमान दौड़ रहा है! जिस के अंदर हनुमान, उस को कैसी भूख, कैसी नींद, कैसा डर?”

आणि खरंच भूक लागत नसे, खरंच झोप येत नसे. बांबूच्या तोडीवर दिवसाला शंभर बांबू पाडणारा माणूस दीडशे पाडू लागला. पेजेचं गाडगं तसंच परत यायचं. अंगारा जरा कडू लागायचा, तेवढंच. त्यावर बाबा म्हणायचा, “वो कलियुग है, बच्चा. जाते जाते जीभ पे कड़वाहट छोड़ता है.” हे ऐकून डोमा पाटलासारखा जाणता माणूससुद्धा गहिवरला होता.

पण या सगळ्याला वजन आलं ते मास्तरांच्या घड्याळामुळं.

गुणवंतराव जनपद सभेच्या शाळेचे एकुलते एक मास्तर. पंचक्रोशीत सेकंदकाटा असलेलं घड्याळ त्यांच्याच मनगटावर. नागपूरहून आठ दिवस शिळं वर्तमानपत्र मागवून ते पारावर वाचून दाखवायचे, ग्रहण का लागतं ते कंदील आणि लिंबू घेऊन समजावायचे. पहिल्या शनिवारी ते पारावर गेले होते ते बाबाचं पितळ उघडं पाडायला. भर सभेत म्हणाले होते, “महाराज, मारुती धावते म्हनता, तर मोजून पाहू ना! नाडी काही खोटं बोलत नाई.”

बाबा हसला. म्हणाला, “गिनो, पंडतजी.”

मास्तरांनी मोजलं. पाव मिनिट मोजायचं आणि चौपट करायचं, ही त्यांची रीत. एकशे बारा, एकशे वीस, एकशे चोवीस. भजनाआधी हीच माणसं सत्तरच्या घरात होती. मास्तरांनी पुन्हा मोजलं, आकडे तेच. बाबानं संधी साधली. उठून त्यांच्या कपाळाला गंध लावलं आणि लोकांना सांगितलं, “यह गणकऋषि हैं! भगवान के पाँव गिनने वाले!” शेजारी घोंगडी अंथरली गेली. पुढच्या शनिवारी मास्तर त्या घोंगडीवर जाऊन बसले.

काऊन बसले? हा प्रश्न त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला. हार तर झाली होती, पण ती हार इतकी मऊ होती, इतकी मानाची होती, की बसल्या जागेवरून उठावंसं वाटलं नाही. अकरा वर्षं त्या गावात त्यांनी ग्रहण शिकवलं. कोणी कधी त्यांना ओवाळलं नव्हतं. आता ते आकडा पुकारत आणि तीन गावं जयजयकार करत. शिवाय मोजणं म्हणजे शास्त्रच ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आपण थोडंच खोटं सांगतो? जेवढे ठोके, तेवढाच आकडा.

लवकरच आकड्यांना प्रतिष्ठा आली. एकशे दहावाला कच्चा भक्त, एकशे तीसवाला पक्का. सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचा आकडा निघू लागला. कोणाचा ठोका उतरला तर बाबा कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, “हनुमान रूठ गया,” आणि चिमटीऐवजी दोन चिमट्या द्यायचा. अंगारा घेतला नाही त्या दिवशी माणसं तणसाच्या ढिगावर ओंडक्यासारखी पडून राहत, पोरांवर खेकसत. याला गावानं नाव दिलं, मारुती उतरला. चढला तरी देवाचं, उतरला तरी देवाचं.

मास्तरांनी स्वतःही एकदा अंगारा घेतला होता. माघात साहेबांची तपासणी होती आणि वर्षाची रजिस्टरं कोरी होती. एक चिमूट जिभेवर ठेवली आणि एका बैठकीत सगळी रजिस्टरं लिहून काढली. वाटलं, आपण राजे आहोत. स्वतःची नाडी मोजली, एकशे चोवीस भरली. पुढचे दोन दिवस ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. ज्यांनी कधी छडी उगारली नाही त्यांनी तिसऱ्या दिवशी हिशेब चुकलेल्या पोराच्या थोबाडीत मारली. बायकोला, भागीरथेला सांगितलं, ताप होता. पुन्हा अंगाऱ्याला हात लावला नाही, पण हे कोणाला सांगितलंही नाही. दुसऱ्यांच्या नाड्या मात्र मोजत राहिले.

मुखरू हा मास्तरांचा शेजारी. चिचटोल्यातला सगळ्यात दांडगा माणूस. शाळेच्या छपराचं आढं त्यानं एकट्यानं खांद्यावरून आणलं होतं. मास्तर गावात नवीन आले तेव्हा पहिल्या दिवशी न सांगता जळतणाचा भारा अंगणात टाकून गेलेला हाच. अक्षर एक येत नव्हतं, पण मास्तर म्हणाले की पृथ्वी गोल, तर मुखरूची पृथ्वी गोल. बाबाच्या रांगेत तो सुरुवातीला उभा नव्हता. त्याची बायको मनकर्णा म्हणायची, “कायले पायजे तुमाले अंगारा? बैलावानी ताकद हाये.” पण पहिल्या शनिवारानंतर मुखरू म्हणाला, “गुर्जीनं घड्याळ लावून मोजलं. आता शंका कायची?”

महाशिवरात्रीपर्यंत त्याचा आकडा एकशे चाळीसवर गेला आणि अंग निम्म्यावर आलं. सारखे दात चावायचा, एकटाच बोलायचा, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, त्या अरुंद बांधावरून उगाच येरझारा घालायचा. होळीच्या सुमाराला एकदा मास्तरांच्या अंगणात येऊन बसला.

“गुर्जी, डाव्या हाताले मुंग्या येतेत जी. छातीवर कोनी पाटा ठेवल्यावानी वाटते.”

मास्तरांना ते बरं वाटलं नाही. त्यांनी बाबाला विचारलं. बाबा क्षणभरही अडला नाही. “बाएँ हाथ पे द्रोणागिरि उठ रहा है, पंडतजी. मूर्ति में नहीं देखा?” बोलता बोलता त्यानं मांडीवरची गदा सरकवली आणि ती आतून खुळखुळली. मास्तरांनी कान टवकारले. “द्रोणागिरि के कंकर,” बाबा म्हणाला. मास्तरांनी मान डोलवली. आणि संध्याकाळी स्वतःच्या तोंडानं मुखरूला जाऊन सांगितलं, “भेऊ नको. बाबा म्हनते, डाव्या हातावर द्रोणागिरी उतरून राह्यला.” मुखरूच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मान आपल्याला मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

हनुमान जयंतीला पार तोरणांनी झाकून गेला होता. बाबानं जाहीर केलं होतं, आज ज्याचा ठोका सर्वांत जास्त, त्याच्या खांद्याला गदा लावणार. दोन दोन, तीन तीन चिमट्या जिभांवर गेल्या. भजन झालं. मास्तर घोंगडीवर बसून मोजू लागले. एकशे छत्तीस. एकशे चव्वेचाळीस. शेवटी मुखरू पुढं आला.

त्याचं मनगट हातात घेताच मास्तरांना कळलं की हे काही वेगळं आहे. हात बर्फासारखा गार आणि घामानं निथळत होता. नाडी धागा थरथरावा तशी, मधेच अडखळायची. त्यांनी वर पाहिलं. मुखरूचे ओठ जांभळासारखे झाले होते. तो हसत होता.

पाव मिनिटात बेचाळीस. चौपट.

“एकशे अडुसष्ट!”

असा जयजयकार त्या पारानं कधी ऐकला नव्हता. डोमा पाटलानं टोपी उडवली. बाबानं गदा उचलली. आणि मुखरू हसता हसताच गुडघ्यावर आला, छाती आवळली, कुशीवर कलंडला.

“समाधि!” बाबा ओरडला. “समाधि लग गई! कोई हाथ मत लगाना!”

लोक मागं सरले. साष्टांग पडले. मास्तरांच्या हातात घड्याळ तसंच होतं. ही समाधी नव्हे, हे त्यांना पहिल्या क्षणी कळलं होतं. सेकंदकाटा फिरला, पुन्हा फिरला. मुखरूच्या तोंडाला फेस आला. घोंगडीवरचा माणूस बसून राहिला.

बायकांच्या घोळक्यातून मनकर्णा धावत आली. “समाधी नोय ना! माया नवरा मरून राह्यला! उचला कोनी तरी!” तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मास्तरांकडं पाहिलं. तेव्हा कुठं मास्तर उठले. बैलबंडी जुंपली गेली तेव्हा त्यांनी घड्याळात पाहिलं. मुखरू पडल्यापासून ते जागचे हलले तोवर सात मिनिटं गेली होती.

गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर परगावचे, तरुण, कमी बोलणारे होते. त्यांनी मुखरूला सुई दिली, दंडाला पट्टा बांधला आणि पारा चढत चढत जिथं थांबला तिथं ते स्वतःही थांबून राहिले. मग मास्तरांना बाहेर बोलावलं.

“वय काय याचं?”

“बत्तीस असन.”

“बत्तीस वर्षांच्या शेतकऱ्याचं हृदय असं होत नाही. काय घेत होता?”

मास्तरांनी खिशातून अंगाऱ्याची पुडी काढली. कंपाउंडर वहाब तिथंच बाटल्या धूत उभा होता. पन्नाशीचा माणूस, लढाईच्या काळात आसामकडच्या लष्करी दवाखान्यात होता. त्यानं पुडीतली राख बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकला.

“मास्तरसाब, राख कडवी नाई राहत. राख खारी राहते. हे राखेत काहीतरी टाकून हाये.” त्यानं पुडी पाण्यात ढवळली, फडक्यातून गाळली आणि ते पाणी पुन्हा चाखलं. “हे मले ठाऊक हाये. लढाईत ट्रकवाल्यायले देत होते, जागं राहाची गोळी. दोन गोळ्या खा, दोन रात गाडी चालवा. भूक नाई, नींद नाई, डर नाई. एक जवान पोरगा होता, चोवीस साल का. स्टेअरिंगवरच मान टाकली त्यानं. मी अपने हातानं उतरवला.”

भूक नाही, नींद नाही, डर नाही. मास्तरांनी हे शब्द कितीदा ऐकले होते.

डॉक्टर म्हणाले, “या औषधानं शक्ती येत नाही. अंगात साठवलेली असते ती उपसली जाते, इतकंच. हृदय पळायला लागतं, रक्ताचा दाब चढतो आणि त्याच वेळी हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या नळ्या आवळल्या जातात. बैलाला आर टोचून पळवायचं आणि त्याचा चाराही तोडायचा, तसं. शरीराला सवय होते म्हणून मात्रा वाढवावी लागते. एक दिवस बैल बसतो. याच्या हृदयाचा एक भाग मेला आहे, मास्तर. वाचला तर वाचेल. पण तो भाग परत उगवणार नाही.” मग त्यांनी विचारलं, “नाडी कोणी पाहिली होती का, पडण्याआधी?”

“मी मोजली.”

“किती?”

“एकशे अडुसष्ट.”

डॉक्टर चकित झाले. “खेड्यात नाडी मोजणारा माणूस होता? मग मोजल्यावर काय केलंत?”

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. वहाब बाटली धुवायचा थांबला होता.

“लोकायले सांगितलं,” मास्तर म्हणाले. “मोठ्यानं.”

डॉक्टर आत निघून गेले. काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

मुखरू वाचला. इकडं गावात बाबानं आवई उठवली, समाधी पुरी होत होती, बाईच्या स्पर्शानं मोडली. मनकर्णा घरी दाणे न्यायला आली तर विहिरीवर बायकांनी बादल्या उचलून घेतल्या. पाराच्या ज्या फरशीवर मुखरू पडला तिथं लोक नारळ फोडू लागले. मास्तर दोन शनिवार पारावर गेले नाहीत. बाबानं सांगितलं, गणकऋषि अनुष्ठानात आहेत. तेही लोकांना पटलं.

तिसऱ्या शनिवारी मास्तर आले. सोबत सायकल ढकलत वहाब, आणि मागून बंडी. बंडीत तणसावर मुखरू पडला होता, उशाशी मनकर्णा. डॉक्टरांनी सोडलं होतं ते पायी एक पाऊल टाकायचं नाही या अटीवर.

बाबानं हात पसरले. “आओ, गणकऋषि!”

मास्तर घोंगडीवर बसले नाहीत. उभ्यानंच डोमा पाटलाला म्हणाले, “पाटीलभाऊ, बाबा म्हनते शक्ती धुनीत हाये. खरं ना?”

“खरंच तं हाये जी.”

“मंग आज राख आपन आपल्या हातानं घेऊ. मंत्र बाबाच म्हनन. गूळ मनकर्णाबाईनं आनला. भजन तेवढंच, तासभर.”

बाबाचा चेहरा आक्रसला. “बिना मेरे हाथ के...”

“काऊन, महाराज? हवेले हात असतेत का?” मागून कोणीतरी बोललं आणि लोक हसले. त्या पारावर बाबाच्या तोंडावर पहिल्यांदाच कोणी हसलं. पाटलाला गंमत वाटली. त्यानं स्वतः धुनीत हात घातला. दहा जणांनी राख खाल्ली. बाबानं नाइलाजानं मंत्र पुटपुटला. भजन झालं, त्या दिवशी टाळ जरा जास्तच जोरात वाजले. मग मास्तर एकेकाचं मनगट धरू लागले. पत्रू, अडुसष्ट. डोमा पाटील, शहात्तर. बाकीचे अडुसष्ट, बहात्तर, शहात्तर.

पत्रूनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिलं. रडवेला होऊन म्हणाला, “मारुती कुठी गेला जी?”

“कहीं नास्तिक की छाया पड़ी है!” बाबा उठला आणि वहाबकडं बोट करू लागला. दुसऱ्या हातानं त्यानं गदा काखेत मारली, आणि ती खुळखुळली.

“मारुती त्या गदेत हाये, पत्रू,” मास्तर म्हणाले.

डोमा पाटलानं गदा ओढून घेतली. गोळा पिळला तर मडक्याच्या झाकणासारखा निघून हातात आला. आतून एक पत्र्याचा डबा पडला आणि पांढऱ्या गोळ्या पारावर विखुरल्या. वहाबनं एक उचलून पत्रूला दिली. “चाट फक्त. गिळू नको.”

पत्रूनं जीभ लावली. त्याचं तोंड वाकडं झालं आणि मग पांढरं पडलं. “तोच कडू! बाप्पा, तोच कलियुग!”

वहाबनं लढाईतली ती गोष्ट पुन्हा सांगितली. लष्कराचे तंबू-कांबळी जशी बाजारात विकली गेली तसं हेही कुठून तरी सुटलं असेल, म्हणाला. मुठीतली राख नुसती देखाव्याची, गोळीचा चुरा मुठीतच तिच्यात मिसळलेला, आणि भजन तासभर, कारण गोळी चढायला तेवढा वेळ लागतो. बाबा पाराच्या मागच्या बाजूनं सटकत होता. तरुणांनी धरला. काठ्या उगारल्या गेल्या.

“थांबा!” मास्तर ओरडले. “त्याले पाटील ठाण्यात नेतीन. मारून आपली चूक धुतल्या जात नाई. आधी माहं आयका.”

लोक थांबले. मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून पाराच्या फरशीवर ठेवलं. नारळाच्या करवंट्या अजून तिथं पडल्या होत्या.

“बाबानं तुमाले फसवलं. पन तुमी बाबावर इश्वास नाई ठेवला, या घड्याळावर ठेवला. मी मोजलं, आन् हे काऊन होऊन राह्यलं ते इचारलं नाई. माघात मी सोता अंगारा खाल्ला होता. दोन दिवस मेल्यावानी पडलो, तवाच मले समजाले पायजे होतं. मी लपवलं. मुखरूचा हात दुखे, मी त्याले द्रोणागिरी सांगितला. तो पडला, आन् मी सात मिनटं याच घोंगडीवर बसून होतो. मास्तर होतो मी.” त्यांनी मुखरूच्या बंडीकडं हात केला. “छाती अशी धडधडली तं तो देव नोय. ते अंग ओरडून राह्यलं, थांबवा म्हनून. इथून पुढं कोनी काही जिभेवर ठेवलं, बुवा असो का डाक्टर, तं इचारा. यात काय हाये? कोनं तपासलं? नाई घेतलं तं काय होते? आन् मी काही सांगितलं तं मलेही इचारा. पहिले मलेच इचारा.”

बंडीवरून मनकर्णा खाली उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मास्तरांसमोर येऊन उभी राहिली.

“मंग मी इचारतो जी, गुर्जी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “सात मिनटं तुमी काऊन बसून राह्यले?”

तीन गावांचे कान मास्तरांकडं लागले. मास्तरांनी उत्तर शोधलं. घाबरलो होतो म्हणता आलं असतं, सुचलं नाही म्हणता आलं असतं. पण आत्ताच त्यांनी विचारा म्हणून सांगितलं होतं.

“लाज वाटली, बाई,” ते म्हणाले. “मी इतके दिवस बाबाच्या बाजूले बसून आकडे सांगितले. आता समाधी नाई म्हनलं तं लोक म्हनतीन, मास्तरच खोटा. त्याची लाज वाटली.”

“माया मानसाच्या जिवापेक्षा?”

“हो.”

तेवढ्या एका शब्दानं मास्तरांची मान जी खाली गेली ती वर येईना. मनकर्णा त्यांच्याकडं पाहत राहिली. तिनं शिवी दिली नाही. फरशीवरचं घड्याळ उचललं, पदरानं पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. मग बंडीजवळ जाऊन मुखरूचं मनगट बाहेर काढलं. पूर्वी त्यावर वजनदार कडं घट्ट बसायचं. आता ते कोपरापर्यंत सरकत होतं.

“मोजा,” ती म्हणाली. “आज पाव नोको. पुरं मोजा.”

मास्तरांनी पूर्ण मिनिट मोजलं. नाडी चालायची, मधेच एक ठोका गाळायची, पुन्हा चालायची. प्रत्येक गाळलेल्या ठोक्याला त्यांची बोटं थबकत होती.

मुखरूनं डोळे उघडले. जुन्या सवयीनं, जरा आशेनं विचारलं, “किती भरली जी, गुर्जी?”

“चौऱ्याण्णव,” मास्तर हळू आवाजात म्हणाले. “आन् मधातले पाच चुकले.”

पारावर एवढी माणसं होती. कोणीही जयजयकार केला नाही.